नऊशे सोळा

"सर, नऊशे सोळा येतंय."

जयमाला ढाकणे उत्तरपत्रिका छातीशी धरून माझ्यासमोर उभी होती. मार्च महिना, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा. सकाळचे अकरा-सव्वाअकरा झाले असतील. नक्की वेळ सांगता येत नाही, कारण आमच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेतलं भिंतीवरचं घड्याळ दिवाळीपासून बंद पडलेलं होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

"काय नऊशे सोळा?"

"जी."

जी म्हणजे वरून सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो तो आकडा. शाळेपासून सगळ्यांनी घोकलेला असतो, सेंटिमीटरमध्ये नऊशे ऐंशी. गावोगाव त्यात एखाद-दुसऱ्या अंकाचा फरक पडतो, पण नऊशे सोळा यायला पृथ्वीच बदलावी लागेल.

"परत कर," मी म्हणालो. "लंबकाची आंदोलनं मोजताना चुकली असशील. वीसच्या जागी एकवीस धरली असतील."

"दोनदा केलं की सर. एकदा सतरा आलं, एकदा सोळा. मोजायला चुकले असते तर आकडा उड्या मारत आला असता. हा एकाच जागी येऊन बसायलाय."

"मग लांबी चुकली असेल."

"पट्टी दुसऱ्या टेबलावरच्या पट्टीला लावून बघितली. बरोबर आहे." हातातलं स्टॉपवॉच तिने माझ्यापुढे धरलं. "सर, एवढं घड्याळ बघता का? माझ्या हातात घड्याळ नाही, नाहीतर मीच बघितलं असतं."

मी ते घेतलं. जुनं, किल्ली द्यायचं, निकेलचं स्टॉपवॉच. जानेवारीत ते माझ्याच हातून फरशीवर पडलं होतं आणि बसस्टँडसमोरच्या घड्याळवाल्याकडून मीच दुरुस्त करून आणलं होतं. त्याने आत तेल सोडलं, दोनदा कानाला लावलं आणि "घोड्यासारखं पळतंय" म्हणून परत दिलं. मी आणलं आणि चार नंबरच्या टेबलावर ठेवून दिलं. एकदा मिनिटभर मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायचं, पण तेवढंही मी केलं नाही.

का केलं नाही, ते सांगायला आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. परीक्षेला चिठ्ठी उचलून प्रयोग मिळतो. जयमालाला मिळाला होता लंबकाचा: भोकं पाडलेली लोखंडी पट्टी एका धारेवर टांगायची, हलवायची, वीस हेलकाव्यांना किती वेळ लागतो तो मोजायचा, आणि त्यावरून जी काढायचा. पण उत्तर तर ठाऊकच असतं. मग पोरं नऊशे ऐंशीपासून सुरुवात करायची, उलटं गणित करत मागे यायची, वेळेचे आकडे काढायची आणि चवीपुरतं मीठ टाकावं तसा दशांशात थोडा फरक टाकायची. याला आमच्याकडे 'रीडिंग बसवणं' म्हणतात. मी विद्यार्थी असताना बसवली, माझ्या सरांनी त्यांच्या काळी बसवली. मागच्या वर्षीच्या पोरांची जर्नल्स पुढच्या वर्षीच्या पोरांकडे वारसाहक्काने जात. पट्टी बिचारी टेबलावर शोभेला हलत असे. अशा ठिकाणी घड्याळ तपासून कोण बघणार?

जयमाला बसवत नव्हती. आणि त्यात माझाच हात होता, हे मला सगळ्यांत जास्त लागतं.

मी त्या कॉलेजात सहा वर्षं तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे घेतलेल्या तासांपुरता प्राध्यापक, बाकी वेळेला कुणीच नाही. यांत्रिकीचा पेपर माझ्याकडे होता, न्यूटनच्या तीन नियमांपासून सापेक्षतेपर्यंत. हा पेपर शिकवताना मात्र मी खरोखर प्राध्यापक असायचो. एसटी एका वेगाने चालली असताना नाणं वर उडवलं तर ते आपल्याच हातात का पडतं, इथून मी सुरुवात करायचो. एसटी सरळ, सारख्या वेगाने जात असेल आणि खिडक्या बंद असतील, तर ती चालली आहे की उभी आहे हे आतल्या आत कुठल्याही प्रयोगाने कळणार नाही, इथवर पोरांना आणायचो. पोरं हसायची, आमच्या आगाराची एसटी असेल तर लगेच कळेल म्हणायची. जयमालाचे वडील त्याच आगारात मेकॅनिक होते. ती पहिल्या बाकावरून मागे वळून म्हणायची, "आमच्या बापाला नावं ठेवू नका रे."

मग तो उजेडाचा प्रयोग यायचा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटरने धावते. तेव्हा तिच्या धावण्याच्या दिशेने सोडलेला उजेड आणि आडवा सोडलेला उजेड, यांच्या वेगात फरक सापडलाच पाहिजे, अशी त्या काळच्या सगळ्या शहाण्यांची खात्री होती. दोघा जणांनी आरसे मांडून तो मोजला. फरक सापडला नाही.

"मग त्यांचं यंत्र बिघडलेलं नाही हे त्यांना कसं कळलं?" जयमालाने विचारलं होतं.

"तेच तर. प्रयोग फसला असंच त्यांना वाटत होतं. तरी त्यांनी आकडा बदलला नाही. जे आलं ते लिहिलं. त्यांनी जर आपल्यासारखी रीडिंग बसवली असती ना, तर सापेक्षता जन्मालाच आली नसती. सगळ्यांना हवं ते उत्तर लिहायला काही लागत नाही. आलेलं लिहायला छाती लागते."

वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. मलाही स्वतःचा फार अभिमान वाटला. वर्गात बोलायला कुणाच्या बापाचं काय जातं!

आणि ही पोरगी साधीसुधी नव्हती. पुण्याच्या एका संस्थेच्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेत तिचा नंबर लागला होता. आमच्या तालुक्यातून तिथे आजवर कुणी गेलं नव्हतं. अट एकच, जुलैअखेर बी.एस्सी. सगळ्या विषयांत पास झाल्याचं गुणपत्रक दाखवायचं. ते पत्र आलं तेव्हा तिच्या वडिलांनी आगारात पेढे वाटले, आणि एक पेढा ग्रीस लागलेल्या बोटांनी माझ्याही हातावर ठेवला.

तर ते स्टॉपवॉच घेऊन मी मागच्या सामानाच्या खोलीत गेलो. मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी ठेवलं. साठ सेकंद झाले तेव्हा स्टॉपवॉचने बासष्ट दाखवले. पुन्हा केलं, बासष्ट. घड्याळवाल्याचं तेल आतल्या केसासारख्या बारीक कमानीला लागून तिचे वेढे एकमेकांना चिकटले असणार. खरंच घोड्यासारखं पळत होतं ते.

मी तिथेच एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर गणित केलं. वेळ तीस भागांत एक भाग जास्त, म्हणजे जी साधारण सहा-सात टक्के कमी. आमच्या गावच्या नऊशे अठ्ठ्याहत्तरऐवजी किती यायला हवं? नऊशे सोळा.

त्या बिघडलेल्या घड्याळावर माणसाच्या हाताला जितकं अचूक काढता येईल तितकं तिने काढलं होतं. सहा वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी प्रयोग केला होता.

शेजारच्याच खोलीत परीक्षकांची बैठक होती. बाहेरचे परीक्षक पाथ्रीकर सर नुकतेच हात धुवायला गेले होते. आमचे विभागप्रमुख बिडवे सर पोह्यांच्या बशा एकावर एक ठेवत होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, थकलेला, मनाने वाईट नसलेला माणूस.

"सर, चार नंबरचं घड्याळ बिघडलंय," मी म्हणालो. "मिनिटाला दोन सेकंद पुढे जातंय. ढाकणेचं उत्तर त्यामुळे नऊशे सोळा आलंय."

"नऊशे सोळा? तो आकडा सोन्यावर असतो हो." ते स्वतःच हसले. मग हसू थांबलं. "चार नंबरवर परवापासून कोण कोण बसलं?"

"पाच जण."

"त्यांची उत्तरं?"

मला उत्तरं आठवायची गरजच नव्हती. तरी त्यांनी गठ्ठ्याच्या नोंदी काढल्या आणि बोट ठेवून वाचल्या. नऊशे एकोणऐंशी. नऊशे एक्क्याऐंशी. नऊशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक सहा. आणखी दोन तशीच.

"याच घड्याळावर?"

"याच."

बिडवे सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसला.

"मग घड्याळ बरोबर आहे," ते म्हणाले.

"सर, मी आत्ता—"

"सुरवसे, ऐका. घड्याळ बिघडलेलं असेल तर या पाच जणांनी आकडे मनाने लिहिलेत. आपण त्यांना मार्क दिलेत. पाथ्रीकरांनी सही करून पाकीट सीलबंद केलंय. आता ते फोडायचं? पाच पोरं घरी बसवायची? विद्यापीठ विचारील, पाचच का? मागच्या वर्षीची काढा, त्याच्या मागची काढा. केंद्र जाईल आपलं." त्यांनी चष्मा परत चढवला. "तिला म्हणावं, उत्तर दुरुस्त कर. हुशार पोरगी आहे, पाच मिनिटांचं काम आहे. तिचंही भलं होईल, आपलंही."

मी उभाच राहिलो.

"तुमची कायम नेमणुकीची फाइल विद्यापीठात गेलीये ना?" त्यांनी विचारलं. धमकी देण्यासारखा त्यांचा आवाज नव्हता. घरच्या माणसाने औषध घेतलं का विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"हो सर."

"मग झालं तर."

त्या पाच पोरांचा विचार मी पुढे वर्षानुवर्षं केला. पाच घरं वाचवली, असं स्वतःला सांगत राहिलो. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्यातल्या एकाचंही तोंड आठवत नव्हतं. मला माझी फाइल दिसत होती, तिच्यावरची लाल नाडीसुद्धा.

बाहेर येऊन मी जयमालाच्या टेबलाजवळ गेलो. ती पट्टी टांगून तिसऱ्यांदा प्रयोग करायच्या तयारीत होती. हात घड्याळासाठी पुढे.

"काय निघालं सर?"

"ते राहू दे," मी आवाज खाली आणला. "पाऊण तास राहिलाय. उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास आण. आकडे कसे काढायचे तुला सांगायला नको."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिचा चेहरा वर्गातला चेहरा राहिला नाही.

"पण ते आलं नाही ना सर."

"आलं नाही तरी."

"घड्याळ बिघडलंय का नाही, एवढं सांगा. बिघडलं असंल तर मी तसं लिहिते. दुसरं द्या, दुसऱ्याने करते."

दुसरं घड्याळ होतं. दोन नंबरच्या टेबलावर बरं चालणारं घड्याळ होतं. ते तिच्या हातात दिलं असतं तर तिचं उत्तर नऊशे ऐंशीच्या घरात आलं असतं, आणि मग पहिल्या घड्याळाचं काय, हा प्रश्न उभा राहिला असता. मी ते दिलं नाही.

"जयमाला, हट्ट करू नको. तुझं पुणं आहे पुढे."

"तुम्हीच सांगितलं होतं सर," ती म्हणाली. एवढंच. तक्रारीच्या सुरात नाही. मी विसरलो असेन तर आठवण करून द्यावी म्हणून.

चार नंबरचं घड्याळ तिच्या टेबलावर ठेवून मी तिथून सरकलो. मागे वळून पाहिलं तर ती तिसऱ्यांदा हेलकावे मोजत होती, ओठ हलत होते, एक, दोन, तीन. पुढ्यात तेच घड्याळ पळत होतं.

तोंडी परीक्षेला ती साडेबाराला आली. पाथ्रीकर सर खुर्चीत रेलून बसले होते, बिडवे सर शेजारी, मी उपकरणांच्या यादीसह कडेला उभा. पाथ्रीकरांनी तिची उत्तरपत्रिका उलटली आणि शेवटच्या ओळीवर थांबले. तिथे तिने लिहिलं होतं: जी बरोबर नऊशे सोळा. त्याखाली: आकडा तिन्ही वेळा सारखा आल्यामुळे चूक मोजणीत नसून घड्याळात असावी, घड्याळ मिनिटाला सुमारे दोन सेकंद पुढे जात असावं.

दोन सेकंद. तिने हातात दुसरं घड्याळ नसताना, नुसत्या उत्तरावरून मागे जाऊन, घड्याळाची चूक काढली होती. इतरांनी उलटं गणित खोटं लिहायला केलं; तिने तेच खरं शोधायला केलं.

"जगभर गुरुत्वाकर्षण एक आणि तुमच्या टेबलावर दुसरं?" पाथ्रीकर म्हणाले. "की तुमचं टेबल उजेडाच्या वेगाने पळत होतं, म्हणून वेळेत फरक पडला?"

बिडवे सर हसले. जयमाला हसली नाही. तिला तो प्रश्नच वाटला.

"नाही सर. पळणाऱ्या टेबलावरचं घड्याळ आपल्याला हळू चाललेलं दिसतं. हे पुढं जातंय. ते सापेक्षतेत बसत नाही, हे नुसतं बिघडलंय."

पाथ्रीकर सरळ होऊन बसले. गंमत करणाऱ्याला कुणी बरोबर उत्तर दिलं की त्याला ते फार झोंबतं.

"याच टेबलावर पाच जणांनी हाच प्रयोग केलाय. पाचांचंही बरोबर आलंय. नाचता येईना अंगण वाकडं."

"त्यांची रीडिंग तपासा सर. या घड्याळावर बरोबर उत्तर येऊच शकत नाही."

बिडवे सरांचा हात सीलबंद पाकिटावर गेला.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय?" पाथ्रीकर म्हणाले.

"हो सर. तुमच्या हातात घड्याळ आहे. फक्त एक मिनिट ताडून बघा."

एक मिनिट. पाथ्रीकरांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मला अजून वाटतं की त्यांनी बघितलं असतं. माणूस चिडला होता, पण उत्सुकही झाला होता. त्यांचा डावा हात टेबलावर येत होता, तेवढ्यात बिडवे सर म्हणाले, "ते सुरवसे सरांनी आत्ताच तपासलंय."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. जयमालाच्या डोळ्यांत सुटकेचा आनंद होता. मी आत जाऊन आलो हे तिने पाहिलं होतं. आता सर सांगतील, असं ते तोंड होतं.

"काय हो?" पाथ्रीकरांनी विचारलं.

"घड्याळ बरोबर आहे," मी म्हणालो.

पाथ्रीकरांनी हात मागे घेतला. जयमाला माझ्याकडे बघत राहिली, मग टेबलावरच्या उत्तरपत्रिकेकडे. तिने पुढच्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. येत नव्हतं म्हणून नव्हे. न्यूटनचा दुसरा नियम तिला येत नव्हता असं कोण म्हणेल? ती नुसती बसून राहिली आणि "जा" म्हटल्यावर उठून गेली.

पन्नासपैकी चौदा. लेखी पेपरांत तिला एकाहत्तर टक्के पडले, माझ्या यांत्रिकीच्या पेपरात विद्यापीठात दुसरी आली. पण प्रॅक्टिकल नापास म्हणजे नापास.

निकालानंतर तिचे वडील मला भेटायला आले. खाकी कपड्यांतच, ड्यूटीवरून उठून.

"सर, ते पेपर परत तपासून मिळतेत म्हणं," ते म्हणाले. "कुठं अर्ज करावा लागतो?"

"लेखीचे मिळतात. प्रॅक्टिकलचे नाही."

"आसं का?"

"तिथे पेपरापेक्षा प्रत्यक्ष काम बघतात ना. ते परत कसं बघणार?"

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. दिवसभर गाडीखाली पडून काम करणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष काम महत्त्वाचं वाटणारच.

"काय चुकलं सर तिचं? घरी काई बोलंना. नुसती पडून राहायलीय."

"घाबरली असेल."

"ती?" ते म्हणाले. मग त्यांनाच वाटलं की सरांना खोटं पाडल्यासारखं झालं. "आसंल. आसंल सर. पोरीची जात. परीक्षेला घाबरली आसंल." आणि मला नमस्कार करून गेले.

पुण्याची जागा गेली. माझी फाइल ऑगस्टमध्ये मंजूर होऊन आली. पुढच्या मार्चमध्ये जयमाला परत प्रॅक्टिकलला बसणार होती, त्या दिवशी मी आजारपणाची रजा टाकली.

आणि ते घड्याळ? ते मी चार नंबरच्या टेबलावरून कधी उचललं नाही. उचलायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते तिथे आणखी अकरा वर्षं होतं, मिनिटाला बासष्ट सेकंद दाखवत, आणि अकराही वर्षं आमच्या पोरांचं उत्तर नऊशे ऐंशीच आलं.

तिला मी परत पाहिलं ते एकोणीस वर्षांनी. तोवर मी बिडवे सरांच्या खुर्चीत बसून केस पांढरे केले होते. विद्यापीठाच्या एका समितीवर माझी नेमणूक झाली. नव्या कॉलेजांत जाऊन प्रयोगशाळा आहेत का, उपकरणं आहेत का, हे बघायचं, रकाने भरायचे आणि श्रीखंडपुरी खाऊन यायचं. एक कॉलेज शेजारच्या जिल्ह्यात होतं, मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. खाली कुणाच्यातरी साखरपुड्याचा बँड वाजत होता. प्राचार्य मला फिजिक्सच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. दहा-बारा मुलं प्रयोग करत होती.

"या आमच्या ढाकणे मॅडम. सगळं प्रॅक्टिकल याच बघतात."

चाळिशी आली होती. केसांत पांढरं, नाकावर चष्मा. तिने मला नमस्कार केला. मी विचारलं, "इथे कायम आहेस का?"

"नाही सर. तासिका तत्त्वावर. चौदा वर्षं झाली."

प्राचार्यांना कुणीतरी हाक मारली, जेवणाची पानं मांडायची होती. ते गेले. आम्ही दोघं एका टेबलाशी उभे राहिलो. टेबलावर भोकं पाडलेली लोखंडी पट्टी टांगलेली होती.

मी एकोणीस वर्षं एक वाक्य तयार ठेवलं होतं. ते म्हणायला मी तोंड उघडलं.

"जयमाला, त्या दिवशी ते घड्याळ—"

"माहितीये सर." तिने पट्टीचं हलतं टोक बोटाने धरून थांबवलं. "मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही घड्याळ घेऊन आत गेलात ते बराच वेळ आलाच नाहीत. बरोबर असतं तर एका मिनिटात बाहेर आला असता."

"मग बोलली का नाहीस? पाथ्रीकरांसमोर?"

"काय बोलायचं? तुम्ही बरोबर आहे म्हणालात." ती शांतपणे माझ्याकडे बघत होती. राग असता तर मी तो आनंदाने घेतला असता. राग कुठेच नव्हता. "वडील वारले मागच्या वर्षी. शेवटपर्यंत त्यांना वाटायचं मी घाबरले. मीच तसं राहू दिलं. दुसरं काही सांगितलं असतं तर आगारातून उठून तुमच्या दारात येऊन बसले असते. तुमच्यावर फार विश्वास होता त्यांचा."

मला माफ कर म्हणायचं होतं. तेवढ्यात एक बारीकशी मुलगी वही घेऊन आली. हातात किल्लीचं स्टॉपवॉच.

"मॅडम, नऊशे तीस येतंय."

"परत कर."

"तीनदा केलं मॅडम. घड्याळातच कायतरी आहे. माझ्या मोबाइलशी लावून बघू का? मिनिटभर फक्त."

आता प्रत्येकाच्या खिशात बरोबर घड्याळ असतं. मी जयमालाकडे पाहिलं. मला वाटलं, आत्ता ही ते हातात घेईल, आत्ता ही मोबाइल काढ म्हणेल. मी देवाला मानत नाही, तरी मी तेव्हा मनात हात जोडले.

तिने स्टॉपवॉच घेतलं. क्षणभर कानाशी धरलं. मग एकदा माझ्या हातातल्या समितीच्या कागदांकडे पाहिलं आणि ते त्या मुलीला परत दिलं.

"घड्याळ बरोबर आहे," ती म्हणाली. "नऊशे ऐंशीला बसव."

मुलगी उभीच राहिली.

"जा, बसव. सर बघायला आलेत."

मुलगी गेली. खाली बँड थांबला होता आणि कुणीतरी जेवायला चला म्हणून वर ओरडत होतं. जयमालाने माझ्यासमोर खुर्ची ओढली, पेन पुढे केलं. तक्त्यात एकच रकाना राहिला होता: उपकरणे सुस्थितीत आहेत किंवा कसे.

मी 'होय' लिहिलं आणि खाली सही केली.